बुरशीवरचे औषध आणि आपल्या पांढऱ्या पेशी: यीस्टच्या संसर्गात दोघांचे नाते काय असते

नवी मुंबईत कोपरखैरण्याला राहणाऱ्या एखाद्या बाईला अंगावरून पांढरे जाऊ लागते, खाज आणि आग होऊ लागते. डॉक्टर तपासून कॅन्डिडा नावाच्या यीस्टचा, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीचा, संसर्ग असल्याचे सांगतात आणि फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी लिहून देतात. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागते. तिथून काही किलोमीटरवर, खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या कर्करोग रुग्णालयात, ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावर, केमोथेरपी घेणाऱ्या एखाद्या मुलाच्या रक्तात हेच यीस्ट सापडते, तेव्हा मात्र शिरेतून रोज औषध देऊनही उपचार कित्येक आठवडे चालू ठेवावे लागतात आणि तरीही यशाची खात्री देता येत नाही. संसर्गाची जागा निराळी आहे, हा फरक मोठाच आहे. पण तेवढाच मोठा दुसरा फरक असा, की त्या बाईच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर आहेत आणि त्या मुलाचे, वॉर्डात नातेवाईक म्हणतात तसे, काउंट पडलेले आहेत.

औषध बुरशीला मारते, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. काही औषधे बुरशीला फक्त वाढू देत नाहीत आणि तिला संपवण्याचे काम शरीरातील पेशींवर सोडतात. काही औषधे बुरशीचा बाह्य पृष्ठभाग असा बदलतात, की आतापर्यंत तिला न ओळखणाऱ्या पेशी तिला ओळखू लागतात. काही औषधे तर बुरशीशी लढता लढता थेट आपल्या पेशींनाच उत्तेजित करतात. या तिन्ही गोष्टी समजल्या, की एकाच औषधाचा परिणाम माणसागणिक इतका का बदलतो, हे कळू लागते, आणि म्हणूनच हा विषय केवळ तज्ज्ञांपुरता राहू नये असे मला मनापासून वाटते.

मुळात शरीरातील पेशी जंतूंना गिळतात, ही कल्पनाच एका यीस्टमुळे पक्की झाली. रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी १८८४ मध्ये पाण्यातील एका इवल्याशा, पिसवेसारख्या जीवाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्या जीवाचे शरीर पारदर्शक असल्याने, यीस्टचे सुईसारखे बीजाणू आत शिरल्यावर काय घडते, ते त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसले. फिरत्या पेशी त्या बीजाणूंभोवती गोळा होत आणि त्यांना गिळून टाकत. पेशी जिंकल्या तर जीव वाचे, बीजाणू जिंकले तर तो मरे. या कामासाठी त्यांना १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा बुरशीवर औषध असे काही नव्हतेच, लढाई पूर्णपणे पेशींच्या भरवशावर होती.

पेशींना बुरशी कशी ओळखू येते

कॅन्डिडा हे यीस्ट बाहेरून चाल करून येतेच असे नाही. पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात आणि योनिमार्गात ते आयुष्यभर मुक्कामाला असते आणि त्याचा काही त्रास होत नाही. ते रोग करू लागते, तेव्हा बहुतेक वेळा आपल्या बाजूला काहीतरी बदललेले असते: अँटिबायोटिकने नेहमीचे जिवाणू मारलेले असतात, रक्तातील साखर वाढलेली असते, शिरेत नळी घातलेली असते किंवा पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात.

यीस्टच्या पेशीभोवती एक जाड भित्तिका असते. आपल्या पेशींना अशी भित्तिका नसते, आणि पुढची बहुतेक कथा तिच्याभोवतीच फिरते. ही भित्तिका नारळासारखी थराथरांची असते. सर्वांत बाहेर मॅनन या शर्करेने लगडलेल्या प्रथिनांचे सोडण असते, त्याच्या आत बीटा-ग्लुकान आणि कायटिन या चिवट पदार्थांची करवंटी असते आणि त्याही आत पेशीचे पातळ पटल. कायटिन म्हणजे कोळंबीच्या आणि खेकड्याच्या कवचात असतो तोच पदार्थ. आतल्या पटलात आपल्या पेशींप्रमाणे कोलेस्टेरॉल नसते, त्याच्या जागी एर्गोस्टेरॉल नावाचा जवळचाच पण वेगळा रेणू असतो.

आपल्या पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर डेक्टिन-१ नावाचा एक रिसेप्टर, म्हणजे ठरावीक पदार्थ ओळखणारा रेणू, असतो आणि तो बीटा-ग्लुकानला चिकटतो, हे २००१ मध्ये स्पष्ट झाले. तो चिकटला की पेशीच्या आत संदेशांची साखळी सुरू होते, कार्ड-९ नावाच्या प्रथिनामार्फत ती केंद्रकापर्यंत पोहोचते आणि पेशी बुरशी गिळण्याच्या व इतर पेशींना हाक मारण्याच्या तयारीला लागते. ही साखळी किती मोलाची आहे, ते दोन कुटुंबांच्या अभ्यासातून कळले. दोन्ही अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. नेदरलँड्समधील एका कुटुंबात डेक्टिन-१ सदोष होता आणि त्यातील स्त्रियांना योनिमार्गाचा यीस्ट संसर्ग पुन्हा पुन्हा होई. इराणमधील एका कुटुंबात कार्ड-९ सदोष होते. तिथे आजार त्याहून गंभीर होता आणि काहींच्या मेंदूपर्यंत बुरशी पोहोचली होती.

आता अडचण अशी, की डेक्टिन-१ला हवे असलेले बीटा-ग्लुकान मॅननच्या थराखाली झाकलेले असते. नवा कोंब फुटून वेगळा झाला, की त्या जागी राहिलेल्या व्रणाशी ते थोडेसे उघडे पडते, एरवी नाही. शिवाय कॅन्डिडा परिस्थिती पाहून हे झाकण अधिक घट्ट करते. आजूबाजूला लॅक्टेट असेल किंवा प्राणवायू कमी असेल, तर ते उघडे ग्लुकान आणखी कमी करते, आणि सुजलेल्या, आजारी ऊतीत नेमकी हीच परिस्थिती असते.

गिळणाऱ्या पेशी मुख्यतः दोन प्रकारच्या. न्यूट्रोफिल या अल्पायुषी आणि आक्रमक पेशी असतात. निरोगी माणसाची अस्थिमज्जा दिवसाला सुमारे १०,००० कोटी न्यूट्रोफिल तयार करते, यावरून शरीराला त्यांची किती गरज आहे ते कळावे. त्या यीस्टला गिळून ब्लीचसारख्या रसायनांनी जाळतात, आणि बुरशीचा धागा गिळण्यापलीकडे लांब असेल, तर प्रसंगी स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून त्यात तिला अडकवतात. मॅक्रोफेज या पेशी अधिक काळ जगतात, ऊतींमध्ये ठाण मांडून असतात, गिळतात आणि इतरांना सावधही करतात. पण मॅक्रोफेजने गिळलेले कॅन्डिडा आत गुपचूप मरतेच असे नाही. ते गोल रूप सोडून लांब धागा बनते आणि मॅक्रोफेजला आतून भोसकून बाहेर पडते. हा धागा कॅन्डिडालायसिन नावाचे विष स्रवतो, हे २०१६ मध्ये कळले. माणसाला रोग करणाऱ्या बुरशीमध्ये असे पेशी फोडणारे पेप्टाइड विष सापडण्याची ती पहिलीच वेळ मानली जाते.

कोणत्या पेशी कुठे पहारा देतात, याचा एक बोलका पुरावा आहे. एड्सच्या रुग्णात मदतनीस टी-पेशी, म्हणजे इतर पेशींना कामाला लावणाऱ्या पांढऱ्या पेशी, कमी होतात, आणि त्याच्या तोंडात व अन्ननलिकेत कॅन्डिडाचा पांढरा थर धरतो, पण केवळ तेवढ्या कारणाने ते रक्तात क्वचितच उतरते. केमोथेरपीने न्यूट्रोफिल घसरलेल्या रुग्णात मात्र तेच रक्तात उतरून यकृत, मूत्रपिंड आणि डोळ्यापर्यंत जाते. सोरायसिसवर दिली जाणारी, इंटरल्युकिन-१७ला अडवणारी नवी इंजेक्शने घेणाऱ्या काही जणांनाही तोंडात कॅन्डिडा होतो, कारण तोंडातील पहाऱ्याला जागे ठेवणारा संदेश तोच असतो.

भित्तिकेवर घाव घालणारी औषधे

कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन आणि ॲनिड्युलाफंजिन ही इकायनोकँडिन कुळातील औषधे आहेत. त्यांतील पहिले, कॅस्पोफंजिन, अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झाले. बीटा-ग्लुकान विणणारे विकर (एन्झाइम) ती बंद पाडतात. भित्तिका कमजोर होते, आतला दाब तिला पेलवत नाही आणि पेशी फुटते. मानवी पेशीत हे विकर नसल्यामुळे ही औषधे तुलनेने निर्धोक असतात आणि म्हणूनच आयसीयूत रक्तातील कॅन्डिडासाठी आज त्यांना पहिली पसंती मिळते.

पण त्यांचे दुसरे काम मला अधिक विलक्षण वाटते. २००६ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट व्हीलर आणि जेराल्ड फिंक या शास्त्रज्ञांनी कॅन्डिडाला कॅस्पोफंजिनची इतकी कमी मात्रा दिली, की तिने बुरशी मरणार नाही. अशी जिवंत, वरवर ठणठणीत बुरशी त्यांनी मॅक्रोफेजसमोर ठेवली. औषध न दिलेल्या बुरशीपेक्षा या बुरशीला मॅक्रोफेजनी कितीतरी जोरात उत्तर दिले. कारण भित्तिकेची वीण बिघडल्यामुळे मॅननचे आवरण विस्कटले होते आणि खालचे बीटा-ग्लुकान ठिकठिकाणी उघडे पडले होते. दोन वर्षांनी उंदरांवरही हे दाखवता आले: औषध दिलेल्या उंदरांच्या अवयवांतील बुरशीवर अधिक ग्लुकान उघडे दिसले.

म्हणजे बीटा-ग्लुकानची निर्मिती थांबवणाऱ्या औषधामुळे पेशींना बीटा-ग्लुकान अधिक दिसू लागते. हे वाचताना उलटे वाटते, पण थोडा विचार केला की पटते. आधीच विणलेले ग्लुकान कुठे जात नाही, फक्त त्यावरचे झाकण जागेवर राहत नाही. रक्तात औषधाची पातळी दोन डोसांच्या मधल्या काळात उतरते आणि एखाद्या अवयवाच्या कोपऱ्यात ते पुरेसे पोहोचतही नाही. तिथे औषध एकट्याने बुरशी मारू शकत नसेल, तरी तिला उघडे पाडू शकते आणि पुढचे काम न्यूट्रोफिल करू शकतात. अर्थात तिथे न्यूट्रोफिल असतील तर.

बुरशीही स्वस्थ बसत नाही. ग्लुकान कमी पडू लागले की ती कायटिन वाढवते आणि करवंटी दुसऱ्या मालाने मजबूत करते. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले, की कायटिन वाढलेल्या अशा पेशी इकायनोकँडिन असतानाही जगू शकतात. त्यातली आणखी एक गुंतागुंत म्हणजे कायटिनचे बारीक कण मॅक्रोफेजना शांत करणारा इंटरल्युकिन-१० हा संदेश निर्माण करू शकतात. एकाच औषधामुळे एकीकडे पेशींना चेतवणारे ग्लुकान उघडे पडते आणि दुसरीकडे त्यांना शमवणारे कायटिन वाढते. यांतले कोणते पारडे जड होईल, ते बुरशीची जात, औषधाची मात्रा आणि संसर्गाची वेळ यांवर अवलंबून असते. म्हणून ‘हे औषध प्रतिकारशक्ती वाढवते’ असे सरसकट विधान कोणी केले, तर ते जपूनच घ्यावे.

वाढ रोखणारी औषधे

फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल आणि पोसाकोनॅझोल ही ॲझोल कुळातील औषधे एर्गोस्टेरॉल तयार करणारे एक विकर अडवतात. पटल बिघडते आणि कॅन्डिडाची वाढ थांबते, पण पेशी बहुधा लगेच मरत नाहीत. कोपरखैरण्याच्या त्या बाईच्या बाबतीत औषध अशा रीतीने बुरशीची संख्या वाढू देत नाही आणि निरोगी शरीर उरलेली बुरशी निस्तरते. ज्याच्या शरीरात निस्तरणारे कोणी नाही, त्याच्यात वाढ थांबलेली बुरशी औषध बंद होण्याची वाट पाहत पडून राहते. अतिदक्षता विभागातील अतिशय आजारी रुग्णाला पहिले औषध म्हणून फ्लुकोनॅझोलऐवजी इकायनोकँडिन निवडतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

ॲझोल गटातील काही औषधे स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतात आणि त्यामुळे आपल्या पेशींच्या पटलांत साठून राहतात. पोसाकोनॅझोलचे प्रमाण पेशींच्या आत रक्तद्रवातील प्रमाणापेक्षा अनेक पटींनी जास्त असते, आणि प्रयोगशाळेत असे दिसले आहे, की औषध साठवलेल्या पेशीला बुरशी चिकटली, की ते औषध पेशीच्या पटलातून बुरशीत उतरते. म्हणजे आपली पेशी औषधाची वाहक होते आणि बुरशी जिथे आहे तिथे चालत जाऊन ते पोहोचवते. फ्लुकोनॅझोल याच्या उलट, पाण्यात विरघळणारे आहे. ते पेशीत फार साठत नाही, पण मेंदूभोवतीच्या द्रवात आणि लघवीत चांगले उतरते, जिथे इकायनोकँडिन पुरेसे पोहोचत नाहीत.

ॲम्फोटेरिसिन आणि त्याची थंडी

या घराण्यातील जुने आणि बलवान औषध म्हणजे ॲम्फोटेरिसिन बी. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या खोऱ्यातील मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून ते १९५० च्या दशकात मिळाले. आपल्याकडेही तसाच शोध लागला होता, याची आठवण इथे करून द्यावीशी वाटते. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हमायसिन हे बुरशीरोधक औषध शोधले. ज्या जिवाणूपासून ते मिळाले, त्याचे शास्त्रीय नावही पिंपरीवरून ठेवलेले आहे. हमायसिनची रचना ॲम्फोटेरिसिनच्या जवळची आहे.

ॲम्फोटेरिसिन बुरशीच्या पटलातील एर्गोस्टेरॉलला धरते. त्यातून पटलाला छिद्रे पडतात, असे पूर्वी शिकवले जाई. छिद्रे पडतातच, पण औषधाचे पुंजके एर्गोस्टेरॉल पटलातून ओढून काढतात आणि पेशी मुख्यतः त्यामुळे मरते, असे २०१४ मधील संशोधनात दिसले. आपले कोलेस्टेरॉल एर्गोस्टेरॉलहून फारसे वेगळे नसल्यामुळे मूत्रपिंडाला इजा होण्याची भीती असते.

आता पेशींकडे वळू. मूळ स्वरूपातील ॲम्फोटेरिसिनची बाटली लावल्यावर काही वेळात रुग्णाला हुडहुडी भरून थंडी वाजते आणि ताप चढतो. ज्या घराने हे पाहिले आहे, ते विसरत नाही.  हे औषध मॅक्रोफेजवरील टीएलआर-२ आणि सीडी-१४ या, एरवी जंतू ओळखणाऱ्या रिसेप्टरांना चेतवते, हे २००३ मध्ये दाखवले गेले. मॅक्रोफेज समजतात की जंतू आला, आणि टीएनएफ व इंटरल्युकिन-१ हे तापाचे संदेश सोडतात. थंडी आणि ताप ही त्या संदेशांची फळे आहेत. ॲम्फोटेरिसिन स्वतः जंतू नसूनही पेशींना जंतूसारखे भासते, आणि या उत्तेजनाचा बुरशी मारण्याला थोडा हातभार लागत असावा, असे प्रयोगशाळेतील निरीक्षणे सुचवतात. पण आधीच खालावलेल्या रुग्णाला हा हातभार महाग पडतो.

म्हणून ते औषध स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म गोळ्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, बसवण्याची युक्ती आली. भारतात यावर मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने महत्त्वाचे काम केले. लायपोसोममुळे मूत्रपिंड बरेच वाचते, थंडीताप कमी होतो आणि आणखी एक गोष्ट घडते: यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतील मॅक्रोफेज हे गोळे गिळतात आणि औषध त्यांच्यात साठते. बिहारमधील काळा आजाराचा परोपजीवी नेमका मॅक्रोफेजच्या आतच राहतो. त्यामुळे लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनच्या एकाच डोसाने त्यावर उपचार करता येतात.

२०२१ च्या उन्हाळ्यात ठाणे जिल्ह्यात हे औषध मिळवण्यासाठी लोकांनी किती धावपळ केली, ते अनेक वाचकांना आठवत असेल. ती म्युकरमायकोसिसची साथ होती. ती बुरशी यीस्ट नव्हे, धाग्यांची आहे, पण पेशींच्या बाबतीतला धडा तोच होता. कोविडसाठी दिलेल्या स्टेरॉइडने आणि अनियंत्रित साखरेने न्यूट्रोफिल व मॅक्रोफेज निष्प्रभ केले होते, आणि म्हणून औषध मिळालेल्यांनाही साखर आटोक्यात आणल्यावाचून आणि सडलेला भाग शस्त्रक्रियेने काढल्यावाचून पुरेसा गुण येत नव्हता.

पेशी जास्त झाल्या तरी त्रास

इथपर्यंत वाचून असे वाटेल, की पेशी जितक्या जास्त आणि जितक्या जागृत, तितके बरे. तसे नाही. योनिमार्गातील कॅन्डिडाचेच पाहा. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्त्रियांनी स्वेच्छेने जिवंत कॅन्डिडाचा डोस घेतला. ज्यांना खाज, आग आणि स्राव झाला, त्यांच्या योनिमार्गात न्यूट्रोफिल मोठ्या संख्येने आलेले होते. ज्यांच्यात ते आले नव्हते, त्यांना त्रास झाला नाही. म्हणजे तिथे त्रास देतात त्या बहुतांशी आपल्याच पेशी. शिवाय तिथे जमलेले न्यूट्रोफिल बुरशीला नीट मारूही शकत नाहीत. फ्लुकोनॅझोल घेतल्यावर बुरशी कमी होऊ लागली, तरी खाज लगेच थांबत नाही, कारण आलेल्या पेशी ओसरायला वेळ लागतो. दुसऱ्याच दिवशी ‘गोळी लागू पडली नाही’ म्हणून आणखी गोळ्या विकत आणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

ल्युकेमियाच्या रुग्णांत यापेक्षा चकवणारा प्रकार दिसतो. केमोथेरपीने न्यूट्रोफिल शून्याच्या जवळ गेलेले असताना कॅन्डिडा यकृत आणि प्लीहेत जाऊन बसते, पण सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये फारसे काही दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी काउंट वर येतात, घरच्यांना हायसे वाटते आणि नेमका तेव्हा ताप चढतो, पोटात उजवीकडे दुखू लागते आणि स्कॅनमध्ये यकृतात छोटे छोटे ठिपके दिसतात. परत आलेल्या पेशींनी लपलेल्या बुरशीभोवती गर्दी केलेली असते. अशा वेळी ताप आला म्हणजे औषध हरले असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. बुरशीरोधक औषध कित्येक महिने चालू ठेवावे लागते, आणि ताप हटत नसेल तर काही रुग्णांना थोड्या काळासाठी स्टेरॉइडही देतात.

क्रिप्टोकॉकस या दुसऱ्या यीस्टमुळे होणाऱ्या मेंदूज्वरातही हेच भान ठेवावे लागते. एचआयव्ही असलेल्या रुग्णात बुरशीवरचे उपचार सुरू केल्यावर एचआयव्हीची औषधे लगेच न देता साधारण चार ते सहा आठवडे थांबतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ही औषधे लवकर दिलेल्या गटात मृत्यू अधिक झाले होते. मेंदूत बुरशी भरपूर असताना पेशी एकदम परतणे घातक ठरू शकते.

स्टेरॉइडचा विषय निघाला आहे, तर एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पावसाळ्यात ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही बाजूंना हवा इतकी दमट असते, की कपडे वाळत नाहीत आणि लोकलच्या गर्दीत भिजलेले अंग तसेच राहते. मग जांघेत, काखेत, स्तनांखाली लाल चट्टे उठतात. त्यांतले काही कॅन्डिडाचे असतात, पुष्कळसे गजकर्णाचे. गजकर्ण यीस्टने होत नाही, पण केमिस्टकडे जाऊन ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणून मागितली जाणारी मलमे दोन्हींवर तीच असतात, आणि त्यांतल्या अनेकांत बुरशीरोधक औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड घातलेले असते. स्टेरॉइड त्वचेतील पेशींना गप्प करते, खाज एका दिवसात थांबते आणि माणसाला वाटते की आजार गेला. बुरशी मात्र शिल्लक असते, आणि बुरशीरोधक औषधाला ज्यांची साथ हवी, त्या पेशीच बाजूला बसवलेल्या असतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. ती चिठ्ठी डॉक्टरांकडून घेण्याचे कष्ट प्रत्येकाने घ्यावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आयसीयूतील यीस्ट

भारतातील २७ आयसीयूंच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दर हजार भरती रुग्णांमागे साडेसहा जणांच्या रक्तात कॅन्डिडा सापडले होते. पाश्चात्त्य देशांत अल्बिकन्स ही जात अधिक दिसते, तर आपल्याकडे ट्रॉपिकॅलिस ही जात सर्वांत जास्त होती. या रुग्णांतील अनेकांचे न्यूट्रोफिल संख्येने पुरेसे होते. त्यांची अडचण शिरेतील नळी, पोटाची शस्त्रक्रिया, दीर्घ काळ चाललेली अँटिबायोटिके ही होती. नळीवर यीस्ट चिकट थर करून राहते आणि त्या थरात औषधही नीट शिरत नाही, पेशीही नीट शिरत नाहीत. म्हणून शक्य असेल तेव्हा नळी काढणे हा उपचाराचाच भाग असतो.

कॅन्डिडा ऑरिस या जातीचे वर्णन २००९ मध्ये जपानमध्ये प्रथम झाले. तिचे बहुतेक नमुने फ्लुकोनॅझोलला दाद देत नाहीत, ती रुग्णालयातील खाटा आणि उपकरणांवर टिकून राहते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये काढलेल्या बुरशींच्या यादीत ती सर्वाधिक धोक्याच्या गटात आहे. पेशींच्या बाजूने पाहता तिची खोडी अशी, की प्रयोगशाळेत मानवी न्यूट्रोफिल अल्बिकन्सवर जसे तुटून पडतात तसे ऑरिसवर पडत नाहीत. तिच्या मॅननचा बाह्य थर ग्लुकानला चांगला झाकतो. तिच्यावर इकायनोकँडिन हे पहिल्या पसंतीचे औषध आहे. ते भित्तिकेवरच काम करते, आणि झाकलेले ग्लुकान उघडे पाडण्याचा त्याचा गुण या जातीतही किती उपयोगी पडतो, यावर संशोधक काम करत आहेत.

पेशींचा हा हिशेब उपचारांच्या नियमांतही उतरलेला आहे. रक्तातील कॅन्डिडावर औषध किती दिवस द्यायचे, याचे मार्गदर्शक उत्तर असे: ज्या दिवशी रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, यीस्ट सापडेनासे होते, त्या दिवसापासून किमान १४ दिवस. लक्षणे मात्र ओसरलेली हवीत, आणि न्यूट्रोफिल कमी झालेले असतील, तर तेही परत वर आलेले हवेत. रक्तात कॅन्डिडा सापडलेल्या रुग्णाचे डोळे बाहुली मोठी करून तपासतात, कारण यीस्ट दृष्टिपटलाजवळ जाऊन बसते आणि दृष्टी जाऊ शकते. न्यूट्रोफिल भरपूर असलेल्या रुग्णाची ही तपासणी निदानानंतर पहिल्या आठवड्यात होते. काउंट पडलेल्या रुग्णात ती काउंट वर आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात करतात, कारण पेशी परत येईपर्यंत डोळ्यात बुरशी असली, तरी तपासणाऱ्याला दिसेल असा डाग बहुधा उमटतच नाही.